२२ तारखेपासून पार्क उघडतायत, पोरीला न्यावं का?

चिंचवडची_आई | १९ ऑक्टोबर २०२१

नमस्कार मंडळी. काल बातम्यांत सांगितलं की २२ तारखेपासून ॲम्युझमेंट पार्क, नाट्यगृहं, थिएटरं सगळं उघडणार, पार्कात फक्त पाण्याच्या राइड्स बंद, बाकीच्या चालू. तेव्हापासून लेकीने घरात धोशा लावलाय. ती तिसरीत आहे, म्हणजे पहिलीची परीक्षा झालीच नाही, दुसरी अख्खी मोबाईलवर गेली आणि तिसरीही तशीच चाललीय. तिच्या वाढदिवसाला आम्ही २१ मार्च २०२० ची तिकिटं काढली होती, शनिवार होता, आणि त्याच आठवड्यात कोविडमुळे सगळं बंद झालं. त्या तिकिटाची प्रिंट तिने फ्रीजला मॅग्नेटने लावलीय ती आजपर्यंत तिथेच आहे, कडा पिवळ्या पडल्यात, शाई उडालीय, पण कोणाला हात लावू देत नाही.

आम्हा दोघांचे दोन्ही डोस झालेत. सासूबाई ६८ च्या, शुगर आहे, त्यांचा दुसरा डोस ऑगस्टमध्ये झाला. लेकीला अर्थातच काही नाही, लहानांची लस आलेलीच नाही. मला कळत नाहीये ते हे की शहरात शाळा ४ तारखेपासून फक्त आठवीपासून पुढच्यांना सुरू, म्हणजे तिला वर्गात बसायला परवानगी नाही पण रोलर कोस्टरमध्ये बसायला आहे, मग यातलं नक्की काय धोक्याचं आणि काय नाही? कोणी अशा ठिकाणी काम करत असेल तर प्लीज खरं खरं सांगा, राइड्स पुसतात का, गर्दी कशी सांभाळतात, आजींना न्यावं का, दिवाळीत जावं की थांबावं. मिस्टर म्हणतात जाऊया, सासूबाई म्हणतात मलाही यायचंय, आणि मला रात्री झोप नाही.

हार्नेस_चेक | १९ ऑक्टोबर २०२१

ताई, मी बारा वर्षं राइड ऑपरेटर आहे. कुठल्या पार्कात ते सांगत नाही पण आतलं जे आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट, एवढे महिने उभी असलेली राइड बटण दाबलं की सुरू होत नाही. आमच्याकडे बंदच्या काळातही मेंटेनन्सची चार पोरं ठेवली होती, ती आठवड्यातून एकदा मोटार फिरवायची, तरीसुद्धा आता उघडायच्या आधी बघतो तर उंदरांनी केबल कुरतडलेल्या, सेन्सरवर धुळीचा थर, हायड्रॉलिकची सील सुकून कडक झालेली, आणि गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली की चाकांचं रबरासारखं आवरण त्या जागी दबून बसतं, मग धावताना धडधडते. हे सगळं बदलायचं, मग रिकाम्या फेऱ्या मारायच्या, मग माणसाच्या आकाराच्या पाणी भरलेल्या डमी बसवून फेऱ्या मारायच्या, आणि मग आमच्यातलेच आधी बसतात. गेले दोन आठवडे आमचं हेच चाललंय. त्यामुळे जाल तेव्हा एखादी राइड बंद दिसली तर चिडू नका, घाई न करता ती बंद ठेवलीय हे चांगलंच आहे.

दुसरी गोष्ट, पुसतात का. पुसतात. पण त्याचा परिणाम काय होतो ते लोकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक फेरीनंतर लॅप बार (मांडीवर येणारी आडवी दांडी), हार्नेस (खांद्यावरून येणारा पट्टा), पकडायची दांडी पुसायची, मधली एक सीट सोडून बसवायचं, म्हणजे तासाला जेवढी माणसं राइड खायची त्याच्या निम्मीच होतात. पार्कात माणसं निम्मी आणि लाइन पुढे सरकायचा वेगही निम्मा, मग लाइन तेवढीच राहते! आणि खरी भीती मला राइडची नाही, लाइनचीच वाटते. राइड दोन-तीन मिनिटांची, समोरून सुसाट वारा येतोय. लाइनीत माणूस पाऊणपाऊण तास उभा असतो, वर पत्रा, मागचा माणूस मानेवर श्वास सोडतोय, आणि खाली जमिनीवर पिवळे गोल काढलेत त्याच्यावर कोणी उभं राहत नाही. आम्ही ओरडून ओरडून थकतो.

ओरडण्यावरून आठवलं. जपानमध्ये गेल्या वर्षी पार्क उघडले तेव्हा तिकडच्या पार्कवाल्यांच्या संघटनेनेच नियम काढला की कोस्टरवर किंचाळू नका, कारण ओरडलं की तोंडातून थुंकी उडते. फुजी-क्यू नावाच्या पार्कच्या दोन साहेबांनी मास्क लावून, तोंड न उघडता, केसही न विस्कटता अख्खी कोस्टर करून दाखवली, त्याचा व्हिडिओ आम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवला होता. आपल्या पोरांना हे जमणार नाही आणि मी तर म्हणतो जमूही नये, पण मास्क घट्ट बांधा, कानाच्या लूपला मागून क्लिप लावा, कारण वेगात पहिला मास्क उडतो.

पाण्याच्या राइड्स का बंद याबद्दल गैरसमज आहे. पाण्यात विषाणू असतो म्हणून नाही. क्लोरीन नीट असलं तर पाण्याची भीती फारशी नसते. भीती चेंजिंग रूमची, लॉकरपाशी होणाऱ्या गर्दीची, आणि ओला मास्क लावता येत नाही त्याची.

तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत: दिवाळीच्या सुट्टीत अजिबात जाऊ नका. दिवाळी संपल्यावर मंगळवार-बुधवार बघा, गेट उघडतानाच आत शिरा, आधी उघड्यावरच्या मोठ्या राइड्स करून घ्या, आणि अंधाऱ्या बंद राइड्स आणि एसी शो या खेपेला सोडून द्या. जेवण साडेअकराला नाहीतर अडीचला. आणि हार्नेस बसला की मुलीला सांगा, क्लिक ऐकू आलं का बघ, मग स्वतः एकदा वर ओढून बघायचं. हे कोविड असो नसो.

अजून एक. आमची निम्मी जुनी पोरं परत आलेलीच नाहीत. कोणी रिक्षा घेतली, कोणी डिलिव्हरी करतोय, एकजण गावाला शेळ्या पाळतोय आणि तो म्हणतो आता नाही येत. नवीन पोरं घाबरलेली आहेत, त्यांच्याशी जरा नीट बोला.

रानवारा | २० ऑक्टोबर २०२१

मला हे सगळं वाचवत नाही पण लिहिते. एप्रिलमध्ये माझे बाबा गेले. तीन दिवस आम्ही बेड शोधत होतो, शेवटी एका ठिकाणी मिळाला तो ऑक्सिजनशिवायचा. लग्नाला गेले होते ते, पन्नास माणसांच्या परवानगीचं लग्न, हॉलमध्ये. परवानगी होती हो. पन्नासच माणसं होती.

म्हणून "सरकारने परवानगी दिलीय" हे वाक्य कानावर पडलं की माझ्या पोटात गोळा येतो. पार्कवाल्यांचं पोट आहे, मान्य आहे, पण आधी बालवाडी, आधी शाळा, आधी गल्लीतली मैदानं असं का नाही? ज्या गोष्टीसाठी पोरगी दीड वर्ष झुरतेय ती शाळा आहे, तिला ते बोलून दाखवता येत नाही म्हणून ती पार्क म्हणते. चिंचवडची आई, राग मानू नका. आजींना नेऊ नका एवढं हात जोडून सांगते.

बालरोग_नाशिक | २२ ऑक्टोबर २०२१

रानवारा, तुमच्या बाबांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आणि तुम्ही जे म्हणताय त्यातच उत्तर आहे, परवानगी पन्नासांची होती पण हॉल बंद होता. आपण दीड वर्ष माणसं मोजत बसलो, हवा मोजलीच नाही.

मी माझ्या पेशंटच्या आईवडिलांना उदबत्तीचं उदाहरण देतो. देवघराच्या खोलीत दारं लावून उदबत्ती लावली तर विझल्यावरही तासभर वास राहतो, कोपऱ्यात बसलात तरी येतो. तीच अंगणात तुळशीपाशी लावा, दोन हातांवर वास येत नाही. हा विषाणू मोठ्या थेंबांतून पसरतो तसाच त्या वासासारखा हवेतही तरंगत राहतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही या वर्षी एप्रिलच्या शेवटी स्पष्ट लिहिलं. म्हणून "पार्क सुरक्षित की शाळा सुरक्षित" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. खिडक्या उघड्या असलेली शाळा चांगली आणि काचा लावलेलं एसी कँटीन वाईट, मग ते पार्कातलं असो की कुठलंही. माझ्या मते शाळा आधी उघडायला हव्या होत्या आणि हे मी उघडपणे बोलतो, पण त्याची शिक्षा म्हणून मुलीला उघड्या मैदानातल्या पाळण्यातही बसवायचं नाही, हे मला पटत नाही. मुलं बहुतेक वेळा सौम्य आजारी पडतात, क्वचित एखाद्याला महिनाभराने एमआयएस-सी (कोविडनंतर शरीरात अनेक अवयवांना सूज येण्याचा आजार) होतो, तो आम्ही वॉर्डात बघितलाय आणि तो हलका आजार नाही, त्यामुळे बिनधास्त व्हा असंही म्हणणार नाही.

खरी काळजी आजींची. काल देशात १०० कोटी डोस पूर्ण झाले, आनंदच आहे, पण त्यात एकच डोस झालेलेही आले. तुमच्या सासूबाईंचे दोन्ही झालेत, शुगर किती राहते ते बघा. बरी असेल तर एन९५ लावून उघड्या जागी झाडाखाली बसायला माझी हरकत नाही, राइडच्या लाइनीत मात्र नको. आणि एक गोष्ट कोणीच लक्षात घेत नाही, दीड तासाचा गाडीचा प्रवास. सोबत शेजारचं कुटुंब घेऊन, काचा लावून, एसीत सात जण कोंबून जाणार असाल तर तिथला धोका कोस्टरपेक्षा मोठा. आपलीच गाडी, घरचीच माणसं, काचा चार बोटं खाली.

फ्लोरिडाकर | २२ ऑक्टोबर २०२१

मी ऑर्लॅंडोला राहते. इथे युनिव्हर्सल ५ जून २०२० ला आणि डिस्ने वर्ल्ड ११ जुलैला उघडलं, तेव्हा फ्लोरिडात केसेस वर चढत होत्या आणि आम्ही सगळे घाबरलो होतो. आधी तारखेचं रिझर्व्हेशन, गेटवर ताप मोजायचे, लाइनीत दोन रांगांच्या मधे प्लास्टिकच्या पारदर्शक भिंती, मास्क फोटोपुरताही काढायचा नाही, आणि मिरवणुका, फटाके सगळं बंद, कारण त्याला लोक एकाच जागी गोळा होतात. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. राइड चालू ठेवली आणि गर्दी गोळा करणारी गोष्ट बंद केली. फटाके सुरू व्हायला या वर्षीचा १ जुलै उजाडला.

डिस्नेचंच कॅलिफोर्नियातलं पार्क मात्र १४ मार्च २०२० पासून या ३० एप्रिलपर्यंत बंद, तेरा महिन्यांच्या वर, कारण तिथल्या राज्य सरकारने परवानगीच दिली नाही. आणि त्यांच्याच हाँगकाँगवाल्यांनी तर गेल्या वर्षी १८ जूनला उघडलं, महिन्याच्या आत बंद केलं, सप्टेंबरात परत उघडलं. म्हणजे एकच कंपनी, पण प्रत्येक ठिकाणची गोष्ट वेगळी. माझी मैत्रीण डिस्नेत फूड सेक्शनला होती, गेल्या सप्टेंबरात कंपनीने अमेरिकेत २८,००० लोक कमी करतोय म्हणून जाहीर केलं त्यात तिचंही नाव आलं. एक हसतमुख बाई, अकरा वर्षं तिथे. अजून घरी आहे.

माझी दोन्ही मुलं या वर्षी तीन वेळा जाऊन आली. जुलैअखेर डेल्टा या नव्या प्रकारच्या विषाणूमुळे आतल्या जागांत सगळ्यांना परत मास्क लावला तेव्हा मी महिनाभर नेलं नाही. एवढंच सांगेन, गेल्यावर नियम बदललेला असू शकतो, मुलीला आधीच सांगून ठेवा.

तिसरी_घंटा | २३ ऑक्टोबर २०२१

ताई, सगळे पार्कचं बोलतायत म्हणून मी नाटकाचं सांगतो. मी बॅकस्टेजला आहे, सेट लावणं-काढणं. आम्हाला पगार नसतो, नाईट असते, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर शून्य. मार्च २०२० पासून किती नाईट झाल्या असतील तुम्हीच धरा.

मागच्या वर्षी ५ नोव्हेंबरला, बरोबर मराठी रंगभूमी दिनाला, पन्नास टक्क्यांवर परवानगी मिळाली. पण परवानगी मिळाली म्हणजे प्रयोग होत नाही हो. गोडाऊन उघडलं तेव्हा फ्लॅटच्या, म्हणजे सेटच्या भिंतींच्या, कापडाला बुरशी, लाकडाला वाळवी, दाराची चौकट हातात आली. भाडं पूर्ण, जाहिरात पूर्ण, बसचं डिझेल पूर्ण, आणि तिकिटं निम्मी. तरी केले काही जणांनी, लोकही आले, एक खुर्ची सोडून एक बसलेले, टाळ्या लांबून लांबून आल्यासारख्या वाटायच्या. मग एप्रिलमध्ये पुन्हा पडदा. काल परत उघडलं. मी दोन दिवस आधीच जाऊन रंगमंचावर झाडू मारून आलो, माझं काम नव्हतं ते, पण राहवलं नाही.

आजींना पार्कात नेऊ नका हे मला पटतं. पण नाटकाला आणायचं असेल तर डॉक्टर म्हणाले ते विचारून घ्या, तिथल्या एसीत बाहेरची हवा येते का. बऱ्याच नाट्यगृहांत धड माहिती मिळत नाही, पण लोकांनी विचारलं तर मॅनेजरला उत्तर शोधावं लागेल.

पाळणेवाला_फलटण | २४ ऑक्टोबर २०२१

मी हे पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमचा पाळणा आहे, आकाशपाळणा, शिवाय ब्रेकडान्स आणि लहान पोरांची ड्रॅगन गाडी. वडिलांपासून धंदा. मंगळवेढ्यापासून पुसेगावापर्यंत जत्रा करतो, म्हसवडची करतो, मांढरदेवच्या वेळी खाली वाईत लावतो. पार्कला २२ तारीख मिळाली. आम्हाला तारीखच नाही. कारण आम्ही पार्क नाही, आम्ही जत्रा. जत्रा भरली तर आम्ही, आणि जत्रेची परवानगी ग्रामपंचायत म्हणते तहसीलदाराला विचारा, तहसीलदार म्हणतात पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात वरून आदेश नाही. दोन सीझन गेले. दोन सीझन म्हणजे आमच्यासाठी दोन वर्षं, कारण पावसाळ्यात कोण बसतं पाळण्यात.

आता विचार करा, डॉक्टरसाहेबांनी सांगितलं मोकळी हवा चांगली. पाळण्याएवढी मोकळी हवा कुठे आहे? एका डब्यात एकाच घरचे चार जण, वर आभाळ, खाली माळ. काचेच्या आत मॉल आहे त्याला परवानगी आणि आम्हाला नाही, हे कोणी समजावून सांगेल का. गर्दीची भीती आहे, मान्य आहे. तर जत्रा नका भरवू, पण पाळणा एकटा लावू द्या, शाळेच्या पटांगणाबाहेर, चार दिवस, टोकन देऊन. मी स्वतः दोरी बांधून रांग करायला तयार आहे.

बंद होता तेव्हा पाळणा खोलून घराच्या मागे ठेवला होता, ताडपत्री घालून. दोन पावसाळे. गेल्या महिन्यात ताडपत्री काढली. हार्नेस_चेक दादा म्हणाले ते शंभर टक्के खरं आहे. नट गंजून बसलेले, हबच्या बेअरिंगमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. मी आणि माझा पोरगा, आम्ही एकेक नट रॉकेलमध्ये भिजवला. प्रत्येक आऱ्यावर हातोडी मारून आवाज ऐकायचा, चांगल्या लोखंडाचा आवाज टणकन येतो, आत गंज खाल्ला असेल तर बद्द येतो. दोन आरे बद्द निघाले, ते बदलले. मग प्रत्येक डब्यात वाळूची पोती ठेवून रात्री फिरवला. पूर्वी हे काम बंगालकडची सहा माणसं करायची, ती २०२० च्या मे मध्ये गेली ती परत नाही आली, त्यातल्या एकाचा फोन येतो अधूनमधून, विचारतो लागला का पाळणा.

बँकेचा हप्ता थांबत नाही. मौत का कुआंवाला आमच्यातला एकजण फलटणला भाजी विकतो. जो भिंतीवर गाडी चालवायचा तो. मला त्याच्याकडून भाजी घेताना फार वाईट वाटतं.

ताई, तुमची पोरगी पार्कात जाऊ दे, मोठी मजा असते. आमच्यासाठी पण जरा बोलत जा एवढंच.

रानवारा | २४ ऑक्टोबर २०२१

दादा, तुमचं वाचून मी माझं वरचं परत वाचलं. पाळणा एकटा लावायचं जे म्हणताय, टोकन देऊन, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तहसीलदारांना अर्ज करताना या धाग्यातली डॉक्टरांची हवेबद्दलची दोन वाक्यं घाला. मी कलेक्टर ऑफिसबाहेर टायपिंग करते, अर्ज मी लिहून देते, पैसे नको.

चिंचवडची_आई | १० नोव्हेंबर २०२१

सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल मंगळवारी जाऊन आलो. दिवाळी होऊ दिली. आपलीच गाडी, काचा खाली, एक्सप्रेसवेवर वाऱ्याने बोलताच येत नव्हतं. गेटवर तापमान बघितलं, सर्टिफिकेटं बघितली. गर्दी खरंच कमी होती. आम्ही उघड्यावरच्याच राइड्स केल्या, अंधाऱ्या राइडच्या दाराशी लेक दहा मिनिटं रुसून बसली, पण आत नाही शिरलो. एका ठिकाणी लाइन पत्र्याखाली वळत होती आणि पुढे माणसं दाटलेली, तिथून बाहेर पडलो. तिथल्या सिक्युरिटीच्या मुलाने स्वतःहून सांगितलं की अर्ध्या तासाने या, रिकामं होईल, आणि झालंही.

क्लिक ऐकलं, वर ओढूनही बघितलं, दर वेळी. कोस्टरवरून उतरली तेव्हा मास्क ओलाचिंब, आतून रडलेली की घामेजली कळेना, आणि म्हणाली आई मी ओरडले, सॉरी. मी तिला दुसरा मास्क दिला. काय बोलणार होते मी.

सासूबाई आल्या नाहीत. शुगर वाढली होती, डॉक्टर नको म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं. म्हणून पाळणेवाले दादा, विचारायचं होतं, तुमच्या अर्जाचं काय झालं? त्या मूळच्या दहिवडीच्या, म्हणतात लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसले होते, वरून अख्खं गाव दिसलं होतं. तुमचा कुठे लागला तर एखाद्या साध्या दिवशी, सकाळी, गर्दी नसताना त्यांना घेऊन येते.

पाळणेवाला_फलटण | ११ नोव्हेंबर २०२१

अर्ज रानवारा ताईंनी लिहून दिला, सोमवारी देऊन आलो, शिक्का मारून घेतलाय. अजून उत्तर नाही. आजींना सांगा, सकाळी दहाच्या आत या, एका डब्यात त्या आणि तुमची पोरगी दोघीच बसतील, मी स्वतः हळू फिरवतो. परवानगी आली की इथेच टाकतो.